भरलेल्या जीपचा अर्धा तास

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याची आधीच माफी मागतो. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो आणि बी.ए.ला नाव घातलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पंचनाम्यापलीकडं कधी काही लिहिलं नाही; पण एक प्रकरण मनातून जात नाही.

लोहाऱ्यात नेमणुकीला होतो. एका दुपारी वडिलांसोबत एक मुलगी व्हीलचेअरवर ठाण्यात आली. उमरग्याला जाणाऱ्या जीपवाल्यानं तिला घेतलं नव्हतं आणि अकराचा पेपर बुडाला होता.

"पुढच्या जीपनं जायचं ना," मी म्हणालो. आज त्याची लाज वाटते.

"पहिली हलल्याबिगर दुसरी माणूस घेत न्हाय, साहेब. दुसरी भरून निघंस्तवर पेपर सुरू झाला आसता," वडील म्हणाले. "कॉलेज म्हणतंय, पोलिसांचं पत्र उद्यापर्यंत आणा, तरच पेपर परत घेऊ. न्हायतर पोरीचं वर्ष गेलं."

चालकाला बोलावलं. तो बेफिकीर होता. "ही पोरगी साडेनऊला आली, तवाच गाडी फुल्ल होती. म्या काय टपावर बसवू?"

बाहेर तीन-चार चालक जमले होते. सगळ्यांचं एकच, "व्हय साहेब, फुल्ल होती." मी आवाज चढवला नाही. पहिल्याला बाहेर थांबवलं आणि जीपच्या रांगेत त्याच्या मागं असलेल्या चालकाला एकट्याला आत घेतलं.

"तू गाडी भरायला कधी घेतलीस?"

"धाला. फुडची गेली की माझा नंबर लागला."

मग पहिल्याला आत बोलावलं. "गाडी साडेनऊलाच भरली, मग दहापर्यंत स्टँडवर कुणाची वाट बघत होतास?"

त्यानं मान खाली घातली. "खुर्ची दोन सीटची जागा खाती, साहेब."

"घडी घालून टपावर बांधता येती, काका," मुलगी म्हणाली. "तुम्ही इचारलंच न्हाय."

जबाब नोंदवला. परवान्याच्या गाडीला अपंगत्वामुळं प्रवासी नाकारता येत नाही आणि चढायला हात देणं हे उपकार नव्हेत, हे स्टँडवर जाऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आरटीओला अहवाल गेला, चालकाला दंड झाला. पत्र त्याच संध्याकाळी तिच्या हातात दिलं. नियम मला पाठ होता. पण तिला आधी विचारावं, हे मात्र तिनंच शिकवलं.

पुढं बदली झाली. पेपर झाला की नाही, कळलं नाही.

गेल्या आठवड्यात लोहाऱ्याच्या बाजारात तोच चालक भेटला. पांढऱ्या मिशीत हसत म्हणाला, "साहेब, ती पोरगी उमरग्याला मास्तरीण झाली की! रोज माझ्याच गाडीनं जाती. फुडची सीट तिची, खुर्ची टपावर. आन् ती बसल्याबिगर म्या गाडी हलवत न्हाय."