खोकल्याच्या औषधासाठी रडलेला एमआर

ठाण्यात खोपटच्या एका बालरोगतज्ज्ञांच्या केबिनमध्ये मी उभा होतो. हातात व्हिज्युअल एड. म्हणजे कंपनीने दिलेलं चित्रांचं पुस्तक. डॉक्टरांपुढे त्याची पानं उलटायची आणि तोंडाने पाठ केलेलं बोलायचं. पान दोनवर एक गुटगुटीत बाळ होतं. आईच्या कडेवर. खोकत होतं.

मी म्हटलं, "सर, सारखं खोकणाऱ्या बाळाला..." आणि रडायला लागलो.

नुसतं डोळ्यांत पाणी नाही. हुंदके. नाक पण वाहिलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अरे, काय झालं?"

"सर, बाळ..."

"अरे, फोटो आहे तो."

"माहितीय सर. ऑरेंज फ्लेवरमध्ये येतं, सर."

"बाळ?"

"सिरप, सर."

डॉक्टरांनी मला त्यांच्याकडचा टिश्यू दिला. म्हणाले, "टार्गेटसाठी रडणारे एमआर खूप बघितले. औषधासाठी रडणारा पहिलाच."

एमआर म्हणजे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. टाय लावून, जड बॅग घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा असतो तो. तुमचा नंबर आलेला असताना मध्येच आत घुसतो आणि तुम्ही शिव्या घालता, तोच मी. एका डॉक्टरला भेटलं की एक कॉल. असे दिवसाला दहा कॉल करायचे.

मी मुरबाडचा. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून मार खाल्लेला. पुढे गॅदरिंगला तीच नक्कल करून बक्षीस घेतलेलं, त्यांच्याच हातून. एमआरच्या धंद्याला हे बरं पडतं. डॉक्टर कंटाळलेले असतात. डोंबिवलीच्या डॉक्टरला कल्याणच्या डॉक्टरचा आवाज काढून दाखवला की दोन मिनिटं जास्त मिळतात.

नोकरी लागली तेव्हा मी डोंबिवलीत मानपाडा रोडला एक खोली घेतलेली. तिथे माझं काहीतरी बिघडलं. बाहेर चाळीस आवाज काढायचो, आणि खोलीवर आलो की माझा स्वतःचाच निघायचा नाही. भूक नाही, झोप नाही, आंघोळीला उठायचं जिवावर यायचं. तेव्हा मी उदासीवरची गोळी विकायचो. माझ्या यादीत डोंबिवलीचे एक मानसोपचारतज्ज्ञ होते. एक दिवस मी त्यांना गोळीचे गुण सांगत असताना ते मध्येच म्हणाले, "दिगंबर, तुझा पट्टा दोन भोकं आत गेलाय. जेवतोस का?"

मी म्हटलं, "सर, पान तीन बघा ना."

"पान तीन तूच बघ. लक्षणांची यादी आहे. तुला किती लागू होतात ते मोज."

नऊपैकी सात लागू होती. मग त्यांनी मला तीच गोळी दिली. म्हणाले, "कशी काम करते ते मला सांगू नकोस, रोज ऐकतो. फक्त खा. माझ्या वाटचे सॅम्पल तुझ्याकडेच ठेव." सॅम्पल म्हणजे डॉक्टरांना फुकट वाटायच्या गोळ्या. माझी बॅगच माझं मेडिकल झालं. आठ महिन्यांत मी माणसात आलो. पट्टा पण बाहेर आला.

मग कंपनीने मला दुसऱ्या डिव्हिजनला टाकलं. नवी पोस्ट, नवं प्रोबेशन, नवी बॅग. उदासीची गोळी गेली, खोकल्याचं सिरप आलं. जुने सॅम्पल जमा करायला लागले.

तुम्ही म्हणाल, विकत घ्यायची. कुठून? ठाण्यापासून कल्याणपर्यंत एकही केमिस्ट असा नव्हता जो मला नावाने हाक मारत नव्हता. दहा वाजता मी काउंटरवर चिठ्ठी ठेवली असती, तर साडेदहाला आमच्या एरिया मॅनेजरला, दामलेसाहेबांना कळलं असतं. शिवाय मला बरं वाटत होतं. मग कशाला पाहिजे? दिली सोडून. एका दिवसात. कोणाला न विचारता. मी काय साधा पेशंट होतो का? मी तर डॉक्टरांना शिकवायचो ही गोळी.

तिसऱ्या दिवशी करंट सुरू झाला.

खरंच करंट. डोळे डावीकडे फिरवले की डोक्यात 'झ्झिप'. उजवीकडे फिरवले की परत 'झ्झिप'. ओल्या हाताने फ्रिज धरल्यासारखं. सोबत चक्कर, मळमळ, आणि स्वप्नं तर अशी की आमचे हेडमास्तर घोड्यावर बसून सिरप पितायत. मला वाटलं खोलीचं अर्थिंग गेलंय. वायरमन बोलावला. त्याने सगळे बोर्ड उघडून बघितले.

"लाइन ओके आहे."

"अरे, मला बसतोय ना शॉक."

"कुठे?"

"डोक्यात."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग टेस्टर माझ्या कपाळाला लावला. लाइट लागला नाही. "तुमच्यात सप्लाय नाय, भाऊ," म्हणाला आणि गेला.

मी तरी दोन दिवस खोलीत रबरी चप्पल घालून वावरलो. रडणं मात्र चपलेने थांबेना. रिक्षावाल्याने 'सावकाश उतरा' म्हटलं तरी भरून यायचं. आणि त्याच आठवड्यात ते बाळ समोर आलं.

खोपटच्या दवाखान्यातून बाहेर पडतोय तोच पेजर वाजला. दामलेसाहेब. शुक्रवारी जॉइंट कॉल, खोपट, हेच डॉक्टर.

जॉइंट कॉल म्हणजे मॅनेजर तुमच्यासोबत आत येतो, मागे उभा राहतो आणि तुम्ही कसं बोलता ते बघतो. मग रिपोर्ट लिहितो. माझं प्रोबेशन त्याच महिन्यात संपत होतं. रिपोर्ट चांगला तर नोकरी पक्की. वाईट तर मुरबाड, मामाची पिठाची गिरणी. मामाने माझ्यासाठी डोक्याला बांधायचा रुमाल पण काढून ठेवलेला.

मी पीसीओवरून फोन लावला.

दामलेसाहेब शुद्ध बोलायचे. प्रत्येक वाक्य नाकातून यायचं. "दिगंबर, तयारी झाली आहे ना? आपण औषध विकत नाही, विश्वास विकतो. बरोबर?"

"बरोबर, सर."

"आवाज का रडवेला येतो आहे?"

"विश्वास विकतोय, सर."

फोन ठेवला आणि थेट डोंबिवलीच्या डॉक्टरांकडे गेलो. तिथे काउंटरला शोभाताई असायच्या. मला बघून नेहमीसारखं म्हणाल्या, "एमआर शेवटी. दाराशी उभे राहा."

मी म्हटलं, "पेशंट आहे."

"कोणाचा पेशंट?"

"मीच."

शोभाताईंनी चष्मा काढून परत लावला. "मग बसा की बाकावर."

दोन वर्षं त्या बाकासमोर उभा राहिलेलो, बसलो कधी नव्हतो. बाकावर एक कोळीण मावशी होती आणि एक टोपी घातलेले काका. मला बसताना 'झ्झिप' झालं आणि मी बाक घट्ट धरला.

मावशीने माझ्याकडे बघितलं. "गोली कवा सोरलीस?"

मी गार. "तुम्हाला कसं कळलं?"

"डोलं फिरवलं आनि बाक धरलास. मी पाटी धराची. डोक्यान करंट मारतंय ना?"

"हो!" मी इतक्या जोरात ओरडलो की शोभाताई दचकल्या. "अहो, मला वाटलं मला ब्रेन ट्यूमर झालाय!"

"ते मलापण वाटलेलं," टोपीवाले काका म्हणाले. "मी तर मृत्युपत्र लिहिलं."

मावशीचं नाव हिराबाई. ठाण्याच्या कोळीवाड्यातली, बाजारात मासे विकायची. बरं वाटलं म्हणून तिने गोळी बंद केलेली. मग गिऱ्हाइकाकडे मान वळवली की झटका. एका बाईला पापलेटच्या भावात सुरमई दिली आणि दुसरीला नुसतीच पिशवी. काकांचं नाव फ्रान्सिस, वसईकडचे, रिटायर क्लार्क. त्यांनी तर लेंटमध्ये गोळी सोडलेली. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, त्यात ख्रिश्चन लोक आवडीची एखादी गोष्ट सोडतात.

"दारू मी पीत नाही, मटण डॉक्टरने बंद केलेलं," काका म्हणाले. "सोडायला दुसरं काय होतं घरात? आठव्या दिवशी चर्चमध्ये गुडघ्यावर बसलो तो उठेचना, सगळं गरगर. फादर म्हणाले, फ्रान्सिस, देवाने चहा सोडायला सांगितलं असतं रे, औषध नाही."

मी हसायला लागलो. हसता हसता रडायला लागलो. रडत रडतच शुक्रवारचा खोपटचा जॉइंट कॉल पण सांगून टाकला. मावशीने फक्त सरकून जागा केली. मग दोघांनी मला ट्रेनिंग दिलं. कंपनीच्या ट्रेनिंगपेक्षा शंभरपट भारी. डोळे एकटे फिरवायचे नाहीत. डोळे, मान, खांदे, सगळं एकदम वळवायचं. उपाशी राहायचं नाही. रडू आलं की मासे मोजायचे.

"मासे?"

"पापलेट, सुरमय, बोंबील, मांदेली. नावा घ्याची एकेक. रडू खाली बसतंय."

आत डॉक्टरांनी सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "अरे, मेंदूला सवय झालेली असते. तू एका दिवसात काढून घेतलीस, तो बोंबलणारच. परत सुरू कर. सोडायची तेव्हा मी सांगेन तशी. थोडी थोडी, काही महिने लावून." मग कपाटातून माझंच जुनं, कधीतरी तिथे विसरलेलं व्हिज्युअल एड काढलं, शेवटचं पान उघडलं आणि तळाच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. "वाच."

मी वाचलं. 'औषध अचानक बंद करू नये.'

"सर, हे पान मी कधी कोणाला दाखवलंच नाही."

"आम्हीही तुला तिथपर्यंत कधी पोचू दिलं नाही," डॉक्टर म्हणाले.

चिठ्ठी घेऊन बाहेर आलो तर परत तोच घोळ, केमिस्ट. मावशीने माझ्या हातातून चिठ्ठीच घेतली. "आन, मी आनतंय." तिच्या ओळखीच्या मेडिकलवाल्याने विचारलं, कोणासाठी? मावशी म्हणाली, नवऱ्यासाठी. तो म्हणाला, मावशी, तुमचे मालक तर वारले ना? मावशी म्हणाली, "म्हनूनच त उदास हाय त्यो." मेडिकलवाल्याने पटकन गोळ्या काढून दिल्या.

शुक्रवार आला. गोळीला दोनच दिवस झालेले, करंट कमी होता पण होता. दामलेसाहेबांसोबत मी क्लिनिकमध्ये शिरलो आणि बघतो तर बाकावर हिरामावशी आणि फ्रान्सिसकाका. लहान मुलांच्या दवाखान्यात. भिंतीवरच्या सशाखाली.

कंपाउंडर त्यांना विचारत होता, "मूल कुठाय?"

काका म्हणाले, "येतंय. टाय लावून."

मी न बघितल्यासारखं करून आत गेलो. डॉक्टर समोर, दामलेसाहेब मागे डाव्या हाताला. साहेब काही बोलले की मी डोळे न हलवता अख्खाच्या अख्खा वळायचो, बॅगेसकट. डॉक्टर बोलले की अख्खा परत. तिसऱ्या वेळेला टेबलावरचा प्लॅस्टिकचा जिराफ बॅगेने उडवला.

डॉक्टर म्हणाले, "आज रडणार नाही ना?"

"रडणार?" दामलेसाहेब म्हणाले.

मी अख्खा वळलो. "नाही, सर." परत वळलो. पान दोन उघडलं. बाळ. "सर, सारखं खोकणाऱ्या बाळाला..." हनुवटी थरथरायला लागली. मुरबाडची गिरणी दिसायला लागली, पट्टा फिरतोय, मामा रुमाल पुढे करतोय. "...बाळाला, पापलेट, सुरमई, बोंबील, आराम मिळतो, सर."

डॉक्टरांनी पान दोन स्वतःकडे ओढून बघितलं.

"बोंबील?" डॉक्टर म्हणाले. "मागच्या वेळेला ऑरेंज होतं ना?"

"ऑरेंजच आहे, सर. मांदेली. डोस दिवसातून तीनदा."

डॉक्टर इतके हसले की बाहेर एक मूल रडायचं थांबलं. म्हणाले, "लिहितो रे बाबा तुझं सिरप. दुसरा एमआर असता तर भिंतीकडे बघत पाठांतर म्हणून गेला असता. हा निदान पूर्ण वळून बोलतो माणसाशी."

बाहेर आलो. दामलेसाहेबांनी तोंड उघडायच्या आत मावशी उठली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "साहेब, पोराव वरडू नका. त्याची उदासीची गोली सुटली व्हती, आता लागलीय. बेस हाय पोरगा."

मला वाटलं संपलं. रुमाल बांधलाच मी. काकांनी टोपी काढून छातीशी धरली, कोणी गेल्यासारखी.

दामलेसाहेब माझ्याकडे वळले. "कसली गोळी?"

मी सांगितलं. सगळं. सॅम्पल, बॅग, करंट, वायरमन.

साहेबांनी रिपोर्टची वही उघडली, पेन काढलं. "आपल्याच कंपनीची?"

"हो, सर."

"मग ठीक आहे," साहेब म्हणाले. "दुसऱ्या कंपनीची असती तर मला लिहावं लागलं असतं." मग आवाज खाली आणून, पहिल्यांदाच नाकातून न बोलता म्हणाले, "पुढच्या वेळी विचारून सोड. मला नको, डॉक्टरांना."

महिनाअखेर पत्र आलं. नोकरी पक्की. शेऱ्यात लिहिलेलं, 'पाठांतर मध्यम. उभे राहण्याची पद्धत उत्तम.'

डॉक्टरांनी सांगितलं तशी ती गोळी सोडायला मला सात महिने लागले. आधी पाऊण, मग अर्धी, मग पाव. मधे एकदा करंट आला तर डॉक्टरांनी परत एक पायरी वर नेलं. दर पायरीला आम्ही तिघं डोंबिवलीच्या त्या बाकावर भेटायचो. काका झटके वहीत मोजायचे आणि मी मोजले त्यापेक्षा त्यांचा आकडा नेहमी जास्त निघायचा, कारण ते स्वतःचे पण धरायचे. मावशी डब्यात तळलेली मांदेली आणायची. शोभाताईंनी दोनदा तक्रार केली, तिसऱ्यांदा ताटली आणली.

नवीन एमआर मला विचारतात, एवढ्या वर्षांत काय शिकलात? मी सांगतो, गोळी सोडायची असेल तर दोन माणसांना विचारा. एक डॉक्टर. दुसरा, आपल्या मनाने सोडून एकदा तोंडावर पडलेला. पहिला पायऱ्या सांगतो. दुसरा सांगतो, घाबरू नकोस, अर्थिंग ठीक आहे.