दमण्याआधी बसा!

आमच्या विक्रोळीच्या चाळीत किस्से जमवावे लागत नाहीत. घरात एक माणूस आजारी पडलं, की गॅलरीतली बाकीची मंडळी ते आपोआप पुरवतात! आमच्याकडे आजारी आहे ती आई. तिचे सांधे सुजतात; पण त्याहून वाईट तो थकवा. झोपून उठली तरी दमलेलीच.

डॉक्टर म्हणाले, "या आजारात शरीर स्वतःशीच भांडतं."

"भांडायला त्याला घरात दुसरं कोणी मिळालं नाही का?" आई म्हणाली.

डॉक्टर हसले. "बाई, दमण्याआधी बसत जा."

"म्हणजे उठूच नको!"

मला हसू आलं नाही. गणपतीत चिपळूणची आत्या बाबांना म्हणाली होती, "हिच्याने घर होत नसेल, तर पोरीची शाळा बंद कर. नववीपर्यंत शिकली, पुरे झालं." बाबा आरतीचं तबक पुसत राहिले होते. तेव्हापासून शाळेतून येताना मी आधी आमच्या दाराकडे बघते. उघडं असलं, की आई उठलेली आहे.

•

गोळ्यांनी आईचा चेहरा सुजला. शेजारच्या सुलूमावशी म्हणाल्या, "वहिनी, तब्येत काय झकास झालीय!"

"चेहरा तेवढा माहेरी जाऊन आलाय," आई म्हणाली. "बाकीची मी इथेच आहे."

•

पण मावशींना चैन पडेना. चेहरा भरलेला, सकाळी उठवत नाही, दुपारभर आडवी... त्या मीठ लावलेल्या चिंचा घेऊन आल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊच हवाय ना गं तुला?"

मी मोरीत जाऊन लपले. आई इतकी हसली, की संध्याकाळचा स्वयंपाक करायला तिच्यात त्राण उरलं नाही. बाबा तर कित्येक दिवस गॅलरीत फिरकले नाहीत!

•

आईला लाटणं धरवत नाही. म्हणून सेकंड शिफ्टला जाण्याआधी बाबा दार लावून पोळ्या लाटतात. चाळीत कळलं, की आत्यापर्यंत पोचलंच! एकदा मावशींनी दार वाजवलं. बाबांनी लाटणं आईच्या हातात दिलं आणि पेपर उघडून बसले.

मावशी आत येऊन निरखून बघत राहिल्या. "भावजी, पोळ्या वहिनी लाटतायत, मग पीठ तुमच्या मिशीला कसं?"

"वारा फार सुटलाय," बाबा म्हणाले.

खिडकी बंद होती!

•

दिवाळीनंतर आत्या 'घर बघायला' आली. त्याआधी दोन दिवस आई अंथरुणातून उठली नव्हती. "ताकद साठवतेय गं," म्हणाली. आणि खरंच! त्या दिवशी नवं पातळ नेसून तिने अळूवड्या तळल्या, आग्रह करकरून वाढलं. मी सारखा पाट तिच्याकडे सरकवत होते. ती बसलीच नाही. मी मनात एकच म्हणत होते, आत्याची संध्याकाळची एस्टी चुकू नये.

आत्याने हात धुतले. "कुसुम, ठणठणीत आहेस की! उगाच बोभाटा. जाऊ दे पोरीला शाळेत."

माझ्या जिवात जीव आला.

"आणि एवढी धडधाकट आहेस, तर मी महिनाभर राहतेच! माझे गुडघे इथेच दाखवून घेते."

तिने आपली ट्रंक पलंगाखाली सरकवली.

"राहा ना, वन्सं!" आई हसून म्हणाली, आणि तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.