सिरियलमधले हात माझ्या आईचे

बाबा गेल्यावर मी आईला म्हटलं, "आता दुकान बंद कर आणि मारतहळ्ळीला माझ्याकडे ये." दुकान म्हणजे बेंगळुरूच्या जुन्या पेठेतल्या गल्लीतली एक खोली. दोन पायमशिनी, एक लाकडी कपाट, गिऱ्हाइकांसाठी बाकडं. बाबा शर्ट-पँट शिवायचे, आई ब्लाउज. मी बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात होते, आणि खरं सांगायचं तर आई काय करते हे मी तिथं कुणाला सांगितलं नव्हतं.

"सरी, बरं, बघू," आई म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर दुकान उघडलं.

त्याच सुमारास एका कन्नड सिरियलवाल्यांना शिंप्याचं जुनं दुकान हवं होतं. नवऱ्यानं टाकलेली बाई ब्लाउज शिवून दोन मुली वाढवते, अशी गोष्ट. त्यांना आमचं दुकान पसंत पडलं. आईची अट एकच होती: गिऱ्हाइकांच्या कापडाला हात लावायचा नाही.

पहिल्याच दिवशी नायिका मशीनवर बसली, पाय मारला आणि चाक उलटं फिरलं. दोरा तुटला. पुन्हा ओवला, पुन्हा तुटला. शेवटी दिग्दर्शकानं आईला विचारलं, "अम्मा, जवळून दाखवायला तुमचे हात द्याल का?" आईनं नायिकेच्या बांगड्या चढवल्या. चेहरा नायिकेचा, हात आईचे, असं आठ दिवस चाललं.

सिरियल गाजली. आधी कोरमंगलाहून कॉलेजच्या मुली रील करायला आल्या, मग कुटुंबंच्या कुटुंबं. गल्लीच्या तोंडाशी ऑटोवाले ओरडायचे, "सिरियल टेलर, सिरियल टेलर!" लोक दारातून वाकून बघायचे, मशीनवर बसून फोटो काढायचे. शिवायला कुणी काही टाकत नव्हतं. उलट या गर्दीतून आत यायला आमच्या जुन्या गिऱ्हाइकांना जागा उरेना.

एका शनिवारी मी तिथं होते. एकजण आईला म्हणाला, "अम्मा, स्वल्प बाजूला व्हा, तुम्ही फोटोत येताय." आई तिच्याच मशीनवरून उठली आणि हातातलं ब्लाउज घेऊन बाकड्यावर जाऊन बसली. माझं डोकंच फिरलं. "ते हात तुझे आहेत हे सांगत का नाहीस?" मी विचारलं.

"विचारलं तर सांगीन," ती म्हणाली. "आपणहून काय सांगायचं? मला आधी हे संध्याकाळपर्यंत द्यायचंय."

एवढ्यात गल्लीत बायकांचा घोळका शिरला. खानापूरकडचं महिला मंडळ. धर्मस्थळची यात्रा करून बसनं बेंगळुरूला आलेलं, आणि दुकान बघितल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून. मशीनभोवती फोटोंची झुंबड उडाली. त्यांच्यातली एक वयस्क बाई मात्र बाकड्यासमोर उभी राहून आईकडे बघत राहिली. आई ब्लाउजला हातशिलाई घालत होती. नखानं काठ दुमडायचा, दोन टाके, पुन्हा नख.

"थांबा गं सगळ्या!" ती बाई एकदम मोठ्यानं म्हणाली. "हे हात मी रोज टीव्हीवर बघते."

सगळ्या वळल्या. "मी चाळीस वर्षं शिवतेय," ती म्हणाली. "घरी सांगून दमले, की सिरियलमधली ही पोरगी तोंडानं रडते पण तिचे हात रडत नाहीत. हे हात दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. कुणी ऐकलं नाही माझं. अक्का, खरं सांगा, तुमचेच ना?"

आईनं सुई कापडात टोचून ठेवली. "होय, माझेच."

मग त्या बाईनं आईला दंडाला धरून उठवलं, मशीनवर बसवलं आणि म्हणाली, "चालवा." आईनं पाय मारला. सरळ, एकसारखी टीप पडत गेली. टाळ्या वाजल्या. बाहेर उभे असलेले लोकही आत घुसले. सतरा जणींनी तिथल्या तिथं मापं दिली. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, बस दोन तास उशिरा सुटली.

त्या बायकांनी काढलेला व्हिडिओ कन्नड, मराठी दोन्हीकडे फिरला. सोमवारी ऑफिसात कुणीतरी तो मलाच दाखवला. "ही माझी आई," मी म्हटलं, आणि शेजारच्या टेबलांपर्यंत ऐकू जाईल असं पुन्हा म्हटलं.

मग वाहिनीनं आईला स्टुडिओत बोलावलं. नायिकेनं सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडून सांगितलं, "माझं अर्धं काम या अम्मांनी केलंय." निवेदिकेनं विचारलं, "प्रेक्षकांना काय सांगाल?" आई घाबरेल असं मला वाटलं होतं. ती कॅमेऱ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "फोटो काढायला खुशाल या. पण येताना मापाचं ब्लाउज आणा."

आणि लोकांनी आणलं. म्हैसूरहून, हुबळीहून, पिशव्या भरभरून. आईनं शेजारचा गाळा घेतला, चार मशिनी मांडल्या, गल्लीतल्या तीन बायकांना कामाला ठेवलं. नव्या गाळ्याची पूजा झाली त्या सकाळी रांग मुख्य रस्त्यावर गेली आणि वाहतूक तुंबली. ट्रॅफिक पोलीस तरातरा आत आला. "अम्मा, हे काय चाललंय? रस्ता मोकळा करा!" आई पेढ्यांचं ताट घेऊन पुढं झाली. त्यानं पेढा घेतला, भिंतीवरची ब्लाउजं बघितली, आवाज खाली आणला.

"बायकोचं माप उद्या आणून दिलं तर चालेल?"

"चालेल की," आई म्हणाली. "पण रांगेत उभं राहावं लागेल."