एमरिसचं पिवळं

डिलिस प्रॉसर हट्टी आहे, हे आमच्या पेनफोर्डमध्ये कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात होती तोवर तिने गावातल्या दोन पिढ्यांना उकडलेला कोबी खायला लावला. ताट रिकामं झाल्याशिवाय पोर बाकावरून उठायचं नाही, मग ते डॉक्टरचं असो नाहीतर मेंढपाळाचं. तीच पोरं आज बाप झालीत आणि अजून तिला रस्त्यात पाहिलं की पाठ ताठ करतात.

तिच्या घरामागे हेलेबोरच्या फुलझाडांची बाग आहे. थंडीत सगळी बाग मेल्यासारखी पडते तेव्हा ही फुलतात. नाताळापासून ईस्टरपर्यंत जांभळी, हिरवट पांढरी, पाटीसारखी काळी. ईस्टरआधीच्या उपासात फुलतात म्हणून आमच्याकडे यांना उपासाचा गुलाब म्हणतात. गुलाबाशी त्यांचं सुतराम नातं नाही, पण गावाच्या तोंडाला कोण लागणार? फूल बघायचं म्हणजे मात्र शिक्षा. सगळी मान खाली घालून उभी. चिखलात वाकायचं आणि दोन बोटांनी हनुवटी उचलायची, तेव्हा कुठे तोंड दिसतं. डिलिसचे गुडघे गेले ते यातच.

नाद तिचा नव्हे, तिच्या नवऱ्याचा. एमरिस टपाल वाटायचा आणि उरलेला वेळ बागेत. कळी उमलायच्या आत उघडून तो तिच्यात दुसऱ्या फुलाचे पराग ब्रशने लावायचा आणि खूण म्हणून देठाला डिलिसच्या विणकामातला लोकरीचा धागा बांधायचा. जूनमध्ये बी धरलं की लगेच पेरायचं, हिवाळ्यात कोंब, आणि त्यानंतर फूल बघायला दोन-तीन वर्षं बसून राहायचं. त्याला हवं होतं पिवळं. पिकल्या लिंबासारखं निखळ पिवळं, आत एकही लाल ठिपका नसलेलं. निघायची ती एकतर ठिपक्यांची, नाहीतर मळकट हिरवी. एमरिस तरीही एक रोप फेकायचा नाही. म्हणायचा, पहिल्या फुलावरून पारख करू नये, त्याला दुसरा हिवाळा द्यावा. डिलिस म्हणायची, असे सगळ्यांना हिवाळे देत बसलास तर मी बटाटे कुठे लावू? हे भांडण त्यांच्या घरात चहाइतकं नियमाचं होतं.

एमरिस गेला तो ऐन फेब्रुवारीत. जमीन इतकी गोठलेली की विल्फ बेडोजला खड्डा खणायला कुदळ लागली. विल्फ आमच्या चर्चच्या आवाराची राखण करतो, गवत कापतो आणि कबरी खणतो. शवपेटीवर दुकानातली कार्नेशनची फुलं होती, सेलोफेनच्या चकचकीत कागदासकट. आयुष्यभर हिवाळ्यात फुलं फुलवणाऱ्या माणसाला ही फुलं. डिलिस तिथेच, पाद्रीबाबांच्या आणि विल्फच्या देखत बोलली, "ही त्याला शोभत नाहीत. त्याचं पिवळं मी इथे आणून ठेवीन."

बोलली ते बोलली. त्या दिवसापासून ब्रश तिच्या हातात आला. पण हात तिचा होता, एमरिसचा नव्हे. रोपाला पहिलं फूल आलं की बाई वाकायची, हनुवटी उचलायची आणि पसंत नाही पडलं तर तिथल्या तिथे उपटून खताच्या ढिगावर. थांबायला तिच्याकडे वर्षं कुठे होती? विल्फ ढकलगाडी घेऊन यायचा आणि तो कचरा उचलून न्यायचा. ती त्याला चिडवायची, की मेलेल्यांना पुरून भागत नाही म्हणून आता माझी मढी पण न्यायला लागलास का. विल्फ गाडी भरत राहायचा. तो तसा बोलतच नाही फारसा, ज्यांच्यात वावरतो त्यांचा गुण लागलाय.

गेल्या नोव्हेंबरात डिलिस बागेत पडली. उठता येईना, तशीच ओल्या पानांत पडून राहिली, शेवटी दूधवाल्याने हाक ऐकली. मुलगी ब्रॉन हेरफर्डहून धावत आली आणि तिने आईला ठणकावलं, की आता पुरे, माझ्या घराजवळ तळमजल्यावर एक फ्लॅट आहे, तिथे यायचं. डिलिसने कधी नव्हे ते ऐकून घेतलं. "ही रोपांची शेवटची खेप फुलू दे," ती म्हणाली. "ईस्टर झालं की येते. शब्द देते." तिचा शब्द म्हणजे काय ते ब्रॉनला माहीत होतं. घर विकायला निघालं. फ्लॅटला बाग नव्हती, खिडकीत एक कुंडी मावेल एवढी जागा होती. म्हणजे एमरिसचं पिवळं निघालं तर याच खेपेत, नाहीतर कधीच नाही.

फेब्रुवारीत ती खेप फुलली. त्या सकाळी ऊन होतं. डिलिस काठी टेकत, गुडघ्याखाली पोतं घेत एकेका रोपापाशी गेली. ठिपके. ठिपके. मळकट हिरवं. पुन्हा ठिपके. एकेक उपटत ती वाफ्याच्या टोकापर्यंत पोहोचली. शेवटच्या रोपाला एकच फूल होतं, पाठीमागून चांगलं पिवळसर दिसत होतं. तिने दोन बोटांनी ते वर केलं. आत लाल ठिपके, गोवर उठावा तसे. तेही तिने उपटलं, ढिगावर फेकलं आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसून रडली. डिलिस प्रॉसर रडली, हे मी सांगतोय म्हणून विश्वास ठेवा.

मग तोंड धुतलं, कोट चढवला आणि चर्चकडे निघाली. हरले, हे एमरिसला आपल्या तोंडाने सांगायला नको का? कबरीपाशी ती उभी राहिली, पण सांगण्याआधी जरा बसावंसं वाटलं. म्हणून जरा टेकायला जागा शोधत ती मागच्या दगडी भिंतीकडे वळली. तिकडे ती एरवी कधी जात नसे.

भिंतीच्या कडेला, उन्हाच्या बाजूला, हेलेबोरची लांबच लांब रांग होती. जुनी पानं नीट कापलेली, बुडाशी कुजलेल्या पानांचं खत. विल्फ रांगेच्या शेवटाला फावडं घेऊन उभा होता आणि चोरी पकडली गेल्यासारखा बघत होता. डिलिसने आपला कचरा ओळखला. सवयीने वाकली आणि हनुवट्या उचलत निघाली. ठिपके. जांभळट. ठिपके. आणि मग तिचा हात थांबला.

पिवळं. पिकल्या लिंबासारखं, आत एक डाग नाही.

"हे कुठून आणलंस?" तिने विचारलं.

"तूच फेकलंस की. दोन हिवाळे झाले. गटाराच्या पाण्याचा रंग आहे म्हणालीस."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"मला काय पिवळं कळतं? मला खड्डे कळतात." विल्फने टोपी मागे सारली. "तू येतेस, त्याला दोन शब्द सुनावतेस, फाटकातून निघून जातेस. इकडे कधी वळलीस?"

डिलिस भिंतीला टेकली. दुसरा हिवाळा द्यावा, असं तो मेलेला माणूस घसा कोरडा करून सांगत होता, आणि आपण बटाट्यांवरून त्याच्याशी भांडलो. किती वर्षं, किती रोपं, देव जाणे. त्या क्षणी तिला एमरिसचा इतका राग आला आणि त्याची इतकी आठवण आली, की दोन्हींत फरक करता येईना.

विल्फच्या न्याहारीच्या डब्याचं झाकण तिने मागून घेतलं, नळावर पाण्याने भरलं. एक फूल खुडून त्यात तरंगत ठेवलं, तोंड आभाळाकडे करून, आणि ते झाकण एमरिसच्या दगडापाशी नेऊन ठेवलं. आता त्याला हनुवटी उचलायला वाकायला नको.

"झालं तर मग," विल्फ म्हणाला. "आता जा सुखाने हेरफर्डला."

"जाणारच आहे. शब्द दिलाय." डिलिसने कोटाच्या बाह्या वर सारल्या. "पण आधी ढकलगाडी काढ. सकाळी उपटलेली सगळी माझ्या ढिगावर पडलीत, मुळं सुकायच्या आत आणायची. ठिपक्यांची राहू देत, मळकट तेवढी घे. ही भिंत फाटकापर्यंत रिकामीच आहे. दर मंगळवारी तिकडून बस येते, मी येत जाईन."

विल्फने भिंतीकडे पाहिलं, मग तिच्या गुडघ्यांकडे. "म्हणजे पुढच्या हिवाळ्यात कळणार. तोवर आपण दोघं टिकलो तर."

"न टिकायला काय झालं?" डिलिस म्हणाली. "आणि नाहीच टिकलो, तर इथेच पुरलेले असू, बघायला फार लांब यायचं नाहीये. खण."