एकटाच आलेला वजीर

आईनं निवृत्तीनंतर बुद्धिबळ शिकायला घेतलं. परवा सोसायटीच्या स्पर्धेत तिच्यासमोर तळमजल्यावरचे नानाकाका बसले आणि त्यांनी दुसऱ्याच चालीला वजीर बाहेर काढला.

"झटपट आटपतो हं, वहिनी," ते हसत म्हणाले.

घरी मी असा वजीर काढला की आई गडबडायची आणि "मला नाही जमायचं" म्हणून उठून जायची. या वेळी ती उठली नाही. बराच वेळ पटाकडे बघून तिनं घोडा काढला आणि आपलं प्यादं राखलं. काकांनी मदतीला उंट आणला, तर तिनं एक प्यादं थेट वजिराच्या अंगावर घातलं. वजीर मागे सरला. तो जागा शोधत हिंडत राहिला आणि तिची एकेक सोंगटी बाहेर पडत गेली.

डाव बरोबरीत सुटला.

"भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली ना. पण नीट बघितलं, तर तो एकटाच आला होता गं."

किती संकटांकडे मी असं नीट बघितलंच नव्हतं!

काका पट आवरायला लागले. आईनं त्यांना थांबवलं.

"आवरताय कुठं? आता पांढऱ्या सोंगट्या मला द्या."