गेंड्याच्या कानाशी

आफ्रिकेहून येऊन वर्ष होत आलं. बॅगा माळ्यावर गेल्या, फोटो बघून बघून शेजारी कंटाळले, पण किस्से काही संपत नाहीत. सलीमभाईंच्या गादी-रजईच्या दुकानात चहा आला की एक किस्सा निघतो. तो निम्म्यात असताना दुसरा कुणीतरी म्हणतो, "तसं नाही झालं ते," आणि स्वतःचा सुरू करतो. ऐकणाऱ्याची गादी पिंजून होते, पण आमचं पिंजण थांबत नाही.

आम्ही चौघं होतो. आमचे डॉक्टर, म्हणजे माझे यजमान. जन्मभर वाशिम जिल्ह्यातल्या गाई-म्हशींचे डॉक्टर, आता निवृत्त. त्यांचे दोन जिवलग दोस्त: कारंज्याचे सलीमभाई आणि कामरगावचे शेतकरी बाबाराव. आणि या तिघांना सांभाळायला मी.

निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. आमच्या डॉक्टरांना गेंड्याला हात लावायचा होता! दक्षिण आफ्रिकेतल्या एका राखीव जंगलात पाहुण्यांना नुसतं जीपमध्ये बसवून हिंडवत नाहीत, कामालाही लावतात. शिंगासाठी गेंडे मारले जातात, म्हणून तिथले लोक त्यांना बेशुद्ध करून आधीच शिंग कापतात. नख कापल्यासारखंच, त्याला दुखत नाही. पाहुण्यांनी भरलेल्या पैशातून औषधं आणि हेलिकॉप्टरचं पेट्रोल निघतं, आणि पाहुणे पाणी ओतायला, डोळे झाकायला मदत करतात. पैसे देऊन राबायचं, हे ऐकून आमच्या मोलकरणीनं माझ्याकडे फार वेळ बघितलं.

बाबारावांच्या मुलाला परदेशात नोकरी आहे. त्यानं वडिलांचं तिकीट काढलं. डॉक्टर आणि मी त्यांच्या घरी सांगायला गेलो, तर त्यांच्या कमलाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "एकाचंच आवतन हाय का चूलबंद?"

आमच्याकडे एकट्या माणसाला बोलावलं तर ते साधं आवतण. चूलबंद म्हटलं की लेकराबाळांसकट सगळ्या घरानं यायचं, घरची चूल पेटवायचीच नाही. मी म्हटलं, एकाचंच आहे. कमलाबाई म्हणाल्या, "मंग घेऊन जा. मले तेवढीच सुट्टी."

* * *

तिकिटं निघाल्यावर कळलं की पोळा नेमका त्याच आठवड्यात येतोय.

बाबारावांचं तोंड उतरलं. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून चोळायचे, म्हणजे मळायचे, आणि त्यांच्या कानाशी सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." हे सांगणं घरच्या मालकाचं. बाबारावांच्या आज्यानं सांगितलं, बापानं सांगितलं, आणि मिसरूड फुटल्यापासून ते स्वतः सांगत आले. घरी आता ट्रॅक्टर आहे. बैल एकच उरलाय, हौश्या, तोही म्हातारा. आवतण चुकलं तर तो पुरणपोळीला तोंड लावणार नाही, अशी बाबारावांची खात्री होती.

"एक साल बैलानं समजून घ्यावं ना," डॉक्टर म्हणाले.

"तो समजून घेईन जी. मलेच समजून घेता येत नाही."

शेवटी फोनवरून आवतण द्यायचं ठरलं. कमलाबाई तिकडे फोन हौश्याच्या कानाला लावणार आणि बाबाराव इकडून बोलणार. या बोलीवर माणूस विमानात बसला.

* * *

आफ्रिका म्हणजे ऊन, असं आम्ही धरून चाललो होतो. सुती कपडे, टोप्या, काळे चष्मे. एकट्या सलीमभाईंनी आपल्या हातची जाडजूड रजई दोरीनं बांधून आणली होती, कारण दुसऱ्याच्या पांघरुणात त्यांना झोप येत नाही. विमानतळावर मी त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले. ओळखच दाखवली नाही.

तिथं हिवाळा अजून संपायचा होता. तंबूत अशी थंडी की डॉक्टर दोन पँटी, मोजे आणि माझी शाल घालून झोपले, तरी दात वाजत होते. पलीकडच्या तंबूतून सलीमभाईंचं घोरणं सुखानं चाललेलं. सकाळी डॉक्टरांनी रजई एका रात्रीपुरती मागितली.

सलीमभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "भाभी, डाक्टरसाठी जान हाजिर हाय. रजई नाही."

आणि ती रजई त्यांनी ऊन खायला कुठं पसरावी? तर मॅनेजरच्या लॉनवर! कॅम्पचा मॅनेजर योहान नावाचा, दाराएवढा उंच गोरा माणूस. चारी दिशांना गवत वाळून पिवळं झालेलं, आणि भोजनघरासमोर त्यानं रोज पाणी घालून पोसलेला तो एक हिरवागार तुकडा. त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही, असा त्याचा कडक नियम होता. जनावरांना खायला घालायचं नाही हा दुसरा. योहाननं रजईची घडी स्वतःच्या हातानं केली आणि सलीमभाईंच्या हातात दिली. त्या दिवसापासून सलीमभाई त्याला 'लॉनसाहेब' म्हणायला लागले.

* * *

जीपमधून जनावरं बघायला जायचो, तेव्हा बरोबरचे परदेशी पाहुणे तोंडाचे फोटो काढायचे. आमच्या डॉक्टरांना मागची बाजू बघायची असे. सवय! जन्मभर जनावराच्या मागेच उभे राहिलेले.

एकदा सगळे श्वास रोखून सिंह बघत होते. डॉक्टर दुर्बीण उलट्या बाजूला लावून बसलेले. मी हळूच विचारलं, काय दिसतंय? त्यांना रानम्हशीचं शेण दिसत होतं. "पोट एकदम साफ आहे," म्हणाले, फार समाधानानं.

पुढे जिराफाची एक मादी आडवी आली. डॉक्टरांनी तिला दोन्ही अंगांनी बघितलं आणि ड्रायव्हरला इंग्रजीत ती गाभण असल्याचं सांगितलं. ड्रायव्हरनं अदबीनं मान हलवली. सलीमभाई मागून म्हणाले, "डाक्टर, हात घालून पायता का? शिडी मागवतो."

* * *

मग आमची तालीम झाली. गेंडा म्हणून एक मोठं पिंप आडवं ठेवलं होतं. डॉक्टरांकडे श्वास मोजायचं काम, माझ्याकडे अंगावर पाणी ओतायचं. बेशुद्ध जनावर तापतं, त्याला गार ठेवावं लागतं. सलीमभाईंनी त्याच्या कानात बोळे घालायचे, म्हणजे कमी आवाजानं ते कमी बिचकतं. बाबारावांनी डोळ्यांवरची पट्टी धरून डोक्यापाशी बसायचं.

योहाननं शेवटी सर्वांत मोठा नियम सांगितला. काम चाललेलं असताना कुणी बोलायचं नाही.

डॉक्टरांनी भाषांतर करून सांगितलं. बाबाराव गंभीर झाले. सलीमभाईंनी विचारलं, "इशाऱ्यानं तरी बोलता येते ना?"

कानातले बोळे म्हणजे जुन्या मोज्यांत फोम कोंबलेला. सलीमभाईंनी ते दाबून बघितले आणि त्यांचं तोंड आंबट झालं. दुपारी बघते तर हा माणूस तंबूबाहेर बसून आपल्या रजईचा कोपरा उसवतोय! मोज्यांतला फोम काढून त्यांनी आपला कापूस भरला. योहाननं बोळा कानाशी लावून बघितला आणि पाठ थोपटली. डॉक्टर मात्र आतापर्यंत ते विसरलेले नाहीत. चाळीस वर्षांची दोस्ती, मी थंडीनं मेलो तरी रजई मिळाली नाही, आणि गेंड्यासाठी ती फाडली!

* * *

कॅम्पमध्ये फोन लागत नसे. रेंज फक्त मागच्या टेकडीवर, आणि तिथं एकट्यानं जायला बंदी. म्हणून बाबारावांना कमलाबाईंशी बोलायचं असलं की बंदूकवाला गार्ड सोबत जायचा. त्याच्या घरीही गुरं होती. व्हिडिओवर हौश्या दिसला की दोघं मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. भाषा एकमेकांना कळत नव्हती, पण गार्डनं हौश्याचं वशिंड बघून अंगठा वर केला, हे बाबारावांनी आम्हाला दिवसभर सांगितलं. पुढे सकाळी आम्हाला गुड मॉर्निंग म्हणायच्या आधी गार्ड विचारायचा, "हौश्या?"

बाबाराव म्हणायचे, "ओके."

तेवढ्यावर दोघांचं भागायचं.

* * *

इतकं सगळं झालं, पण गेंडा काही मिळेना. वारा असा सुटला की हेलिकॉप्टर उडेना. रोज सकाळी आम्ही तयार होऊन बसायचो आणि रोज योहान आभाळाकडे बघून मान हलवायचा. डॉक्टर घरी चिडचिड करतात, तिथं गप्प झाले. मला त्यांचं गप्प राहणं बघवेना.

वारा पडला तो नेमका पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी. आभाळ भरलेलं, हवा गार, काम होण्यासारखं होतं. पण तिथली दुपार म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ. कमलाबाई गोठ्यात फोन घेऊन उभ्या असणार, आणि बाबाराव गार्डसोबत टेकडीकडे निघालेले. तेवढ्यात हाकाटी झाली. गाड्या सुरू झाल्या.

बाबाराव टेकडीकडे बघत उभे राहिले. डॉक्टर त्यांना म्हणाले, तू जा, आम्ही कुणाला तरी पट्टी धरायला बसवतो.

बाबाराव म्हणाले, "तुमी जलमभर माह्या जनावरापाशी बसले. चाला." आणि गाडीत चढले.

गेंड्याची मादी होती. वरून इंजेक्शन लागलं, ती डुलत डुलत गुडघ्यावर आली आणि बसली. तिचं पिल्लू थोड्या अंतरावर घुटमळत होतं. आम्ही धावलो. कुणी बोललं नाही. मशीननं शिंग कापलं, ओळखीसाठी कानाला खाच पाडली, मी पाणी ओतत राहिले. डॉक्टरांनी तिच्या नाकपुडीपुढे हात धरला आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. श्वास मोजायचे राहिले. ते शेजारच्या गोऱ्या मुलीनं मोजले.

योहाननं सगळ्यांना मागे जायची खूण केली. आता उलट औषध द्यायचं, ती उठणार. कानातले बोळे निघाले. बाबाराव पट्टी सोडून उठले, आणि जाता जाता थबकले. मी ओतलेल्या पाण्यानं तिचा खांदा ओला होता. तो त्यांनी हातानं चोळला, सावकाश, बैलाचा चोळतात तसा. मग वाकले आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

ओठ हललेले मी पाहिले. योहाननंही पाहिले.

दोनेक मिनिटांत ती उभी राहिली, पिल्लाला हुंगलं आणि झुडपांत गेली. रात्री जेवताना डॉक्टर सारखे स्वतःच्या तळहाताकडे बघत होते. बाबारावांनी ताटाला हात लावला नाही. "घरी फोन धरून वाट पायली असंन तिनं," एवढंच म्हणाले.

* * *

दुसऱ्या दिवशी पोळा. दुपार कलताना बाबाराव टेकडीवर गेले. या वेळी मीही गेले, त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता म्हणून.

कमलाबाईंनी फोन उचलला. मागे हौश्या झूल घालून उभा होता, अंगावर गेरूचे ठिपके.

"जेवला का?" बाबारावांनी विचारलं.

"सगळ्या पोळ्या खाल्ल्या. ताटबी चाटलं."

"माह्या आवतनाबिगर?"

"म्या देल्लं ना आवतन. सालभर चारापानी मी करतो, मी का परकी हावो?"

खरंच होतं ते. बाबारावांनी फोन खिशात ठेवला आणि टेकडी उतरायला लागले. गार्डनं विचारलं, "हौश्या?" तर "ओके" म्हणाले, पण पडलेल्या आवाजात. बैल जेवला याचा आनंद व्हायला हवा होता. पण आपल्याविना जेवला, हे त्यांना फार लागलं. मलाही वाईट वाटलं.

कॅम्पजवळ गार्डनं एकदम हात आडवा करून आम्हाला थांबवलं. मग बाजूनं, भिंतीआडून, भोजनघराच्या व्हरांड्यात नेलं. तिथं सगळे जण भिंतीला चिकटून उभे. सलीमभाई तोंडावर हात ठेवून, डॉक्टर दुर्बीण गळ्यात असून नुसत्या डोळ्यांनी बघत होते.

लॉनवर ती होती. आखूड शिंग, कानाला ताजी खाच. योहानचं हिरवंगार गवत ती सावकाश, नीट, एका कडेनं खात येत होती. तिच्या पोटाशी पिल्लू, तेही खात होतं.

योहाननं लॉनकडे बघितलं, मग बाबारावांकडे. मग डॉक्टरांच्या कानाशी लागून विचारलं, काल हा तिला काय म्हणाला?

डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

बाबारावांनी टोपी काढली होती. हात जोडलेले, चेहऱ्यावर यजमानाची लगबग, आणि डोळे भरून आलेले. ते माझ्याकडे सरकले आणि बोलायची बंदी आठवून अगदी कुजबुजत म्हणाले,

"वयनी, म्या तं तिले एकटीलेच सांगतलं होतं. तिनं चूलबंद समजलं वाटते."