पेटीचा दमा

माझी पेटी जालन्याला दुरुस्तीला गेली तेव्हा घरच्यांना वाटलं, आता घरात शांतता नांदेल. कसली शांतता! बोटं काही केल्या थांबेनात. देवळाच्या पायरीवर, बैलाच्या पाठीवर, ताटाच्या कडेवर, मिळेल तिथं मी वाजवत सुटलो. एकदा बायको खेकसलीच, "आवो, भाकर खायाची आस्ती, वाजवायची न्हाई."

पेटीचा भाता फाटला होता. हात मारला की अगोदर नुसता वारा निघायचा, 'फुस्स' करून, आणि मग सवडीनं सूर यायचा. परक्या गावात भजनाला गेलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आमचं गाव परतूरजवळचं. निजामाच्या रेल्वेत पेटी मांडीवर घेऊन बसलो आणि जुन्या जालन्यातल्या एका मिस्त्रीपुढं नेऊन ठेवली. त्यानं भाता हलवला, कान लावला आणि म्हणाला, "मियाँ, ये पेटी है के दमे का मरीज?" असा राग आला! पण करता काय, अडला होतो मी. आठ दिवसांत देतो म्हणाला. त्याचे आठ दिवस आमचा सप्ताह आटोपला तरी संपले नाहीत.

सप्ताह तोंडावर आणि भजनाला पेटी नाही. तेव्हा परतूरच्या कापसाच्या जिनिंगातला एक कारकून पुढं आला. त्याच्याकडं नवी कोरी पेटी होती, वर मखमलीची खोळ. "पेटी आणतो, पण वाजवणार मीच," म्हणाला. भजन सांगणारे आमचे बुवा एका पायावर तयार झाले. मला दिले टाळ. इतकी वर्षं पेटीवर बसलेला माणूस मी, बसवला टाळकऱ्यांच्या रांगेत शेवटी!

त्याची पेटी झकास होती, खोटं कशाला बोलू. हात लावायचा अवकाश, सूर हजर. पण पहिल्याच दिवशी भलतंच झालं. मृदंगावर माझे चुलते बसायचे. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, पण हात पक्का. पेटी सुरू झाली, बुवांनी तोंड उघडलं, टाळ पडले, आणि काका हात मांडीवर ठेवून निवांत बसलेले. बुवा खाकरले. काका दचकले आणि त्यांनी घाईनं थाप मारली ती भलत्याच जागी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. घुमावा म्हणून मृदंगाला लावलेली कणीक वाट बघून बघून वाळायला लागली. लोक कुजबुजले, म्हातारा थकला. शेवटी बुवांनी मला बाजूला घेतलं. "काल्याच्या भजनाला अंबडचा मृदंगी बोलवावा म्हन्तो. काकाला तूच सांग."

मी काय सांगणार, कपाळ! मृदंग गेला तर काकांकडं उरत काय होतं? शेत दिसत नव्हतं, माणसं दिसत नव्हती. संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याशेजारी बसलो आणि पाऊसपाण्याचं बोलत राहिलो. तेच म्हणाले, "बुवा चिडले न्हवं? मी तरी काय करू? तुझी पेटी अगोदर दम घ्यायची. तिनं दम घेतला की मी हात उचलायचो. ही बया काही कळूच देत न्हाई, एकदम बोलायलाच लागती."

ज्या फुस्सपायी मी चारचौघांत मान खाली घालत होतो, तिच्यावर आमचं सगळं भजन चाललं होतं! तसाच उठून बुवांकडं गेलो. म्हटलं, "काल्याला काकाच बसतील. चुकले तर मंग मलाही भजनातून काढा."

काल्याच्या दिवशी टाळ ठेवून दिले आणि काकांच्या कानाशी जाऊन बसलो. कारकुनाचा हात भात्याकडं गेला की मी तोंडानं 'फुस्स' करायचो. थाप अशी बरोबर पडली की बुवांची मान डोलायला लागली. अंबडच्या मृदंग्याचं नाव परत कुणी काढलं नाही. कारकून मात्र दर अभंगाला माझ्याकडं वळून बघायचा. शेवटी न राहवून म्हणाला, "सर्दी झालीय का तुम्हाला?"

"जुनी हाय," म्हणालो.

पुढं पेटी आणायला गेलो. मिस्त्री खूश होता. "अब जरा भी हवा नहीं निकलेगी," म्हणाला. घरी येऊन ओट्यावर वाजवली आणि काय सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. असा सूर तिच्यातून मी जन्मात काढला नव्हता. समोर काका मृदंग घेऊन बसले होते. त्यांचा हात मांडीवरच राहिला, आणि चेहरा एवढासा झाला.

मी पेटी उचलून आत गेलो, बायकोकडं दाभण मागितलं.

"आता काय शिवून राह्यले?"

"शिवत न्हाई," म्हटलं आणि डोळे मिटून भात्याच्या नव्या चामड्यात खुपसलं. एकदा, मग आणखी दोनदा.

बाहेर येऊन हात मारला. फुस्स झालं. काकांचा हात उचलला गेला, थाप बरोबर सुरावर पडली. काका तोंडभर हसले. "मिस्त्री हुशार हाय रे," म्हणाले. "कायबी बिघडवलं न्हाई."